‘किती लिटर?’ हा प्रश्न जरा बाजूला ठेवूया

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात:

घरी दोन वर्षांपासून खाऱ्या पाण्याची टाकी आहे. ३ फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. खाली ८० लिटरचा संप (मुख्य टाकीला जोडलेली जास्तीची टाकी) आणि गरजेपेक्षा मोठा स्किमर (पाण्यातली घाण फेसातून काढणारं यंत्र). टाकीत क्लाउनफिशची जोडी आहे, थोडी मऊ कोरल आहेत, सगळं सुरळीत चाललंय. पण नऊ वर्षांच्या लेकीची तक्रार आहे की आपले मासे एकाच कोपऱ्यात डुलत बसतात. दुकानात तिनं ब्लू टँग या निळ्या माशाचं दोन इंची पिल्लू पाहिलं आणि वाढदिवसाला ते आणायचं कबूलही करून झालंय. सोबत एक येलो टँग घ्यावा असंही मनात आहे. दुकानदार म्हणतो, “मासा टाकीच्या मापानेच वाढतो, बिनधास्त न्या.” एक अनुभवी मित्र म्हणतो, निदान १०० गॅलन पाहिजे. घरचे म्हणतात, आत्ता आहे त्याच टाकीत ठेवू, मोठा झाला की ४ फुटी घेऊ. वाचकाला एकच आकडा हवा आहे: अशा चपळ सागरी माशांसाठी नेमकी किती लिटरची टाकी लागते?

उत्तर:

आधी निकाल सांगून टाकते, म्हणजे शेवटपर्यंत जीव टांगणीला लागायला नको. ब्लू टँग आणायचाच असेल तर टाकी ६ फूट लांब आणि निदान २ फूट रुंद घ्या. तेवढी जागा किंवा तेवढी तयारी नसेल, तर ब्लू टँगचा विचार सोडून द्या. ४ फुटी टाकी हा सोयीचा मधला मार्ग वाटतो खरा, पण या माशापुरता तो मार्ग कुठेच पोचत नाही. आता असं का, ते सविस्तर सांगते. कारण असं विचारणारे तुम्ही एकटे नाही, आणि जवळजवळ प्रत्येक पत्रात शेवटी लिटरचाच आकडा मागितलेला असतो.

लिटर मोजायला सोपे, म्हणून आपण लिटर विचारतो. पण दोन टाक्या डोळ्यांसमोर आणा. एक ३ फूट लांब, २ फूट रुंद, ३ फूट उंच. दुसरी ६ फूट लांब, दीड फूट रुंद, २ फूट उंच. दोन्हींचं घनफळ १८ घनफूट, म्हणजे साधारण ५१० लिटर. कागदावर दोन्ही सारख्याच. पण आडव्या रेषेत पोहणाऱ्या माशाला पहिल्या टाकीत दुसरीच्या निम्मी धाव मिळते. धावणाऱ्या माणसाला उंच छताची खोली देऊन काय उपयोग? वर पाण्याचा पृष्ठभाग पहिल्या टाकीत ६ चौरस फूट, दुसरीत ९. पाण्यात ऑक्सिजन मिसळतो तो मुख्यतः या पृष्ठभागावरून, त्यामुळे तिथेही लांब टाकीच पुढे. आणि ३ फूट खोल टाकीच्या तळाशी हात पोचवायचा म्हणजे काखेपर्यंत बाही भिजते. पुढची दहा वर्षं तळाची वाळू नीट करायला तुम्हालाच हात घालायचा आहे, हेही लक्षात असू द्या.

ऑक्सिजनचा मुद्दा खाऱ्या पाण्यात थोडा जास्तच महत्त्वाचा आहे. २५ अंश सेल्सिअसला गोड्या पाण्यात लिटरमागे साधारण ८.२ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळू शकतो, समुद्राच्या पाण्यात ६.७ च्या आसपास. पाणी तापलं की दोन्ही आकडे आणखी खाली येतात. क्लाउनफिशसारख्या बैठ्या माशाचं यात भागतं. दिवसभर पोहणाऱ्या माशाचा श्वासाचा खर्च मोठा, आणि रात्री दिवे बंद झाले की कोरल आणि शेवाळ यांनाही त्याच साठ्यातून ऑक्सिजन लागतो. म्हणून गोड्या पाण्याच्या टाकीचे हिशोब इथे चालत नाहीत. ‘एक इंच मासा, एक गॅलन पाणी’ हा तर विसरूनच जा. तो छोट्या, सडपातळ, गोड्या पाण्यातल्या माशांसाठी कुणीतरी बांधलेला ठोकताळा आहे, आणि तिथेही तो फार विचारपूर्वक बांधलेला नाही.

गॅलनवरून आठवलं. तुमच्या मित्राला विचारा, कुठला गॅलन? अमेरिकी गॅलन ३.७८ लिटरचा, ब्रिटिश गॅलन ४.५५ लिटरचा. १०० गॅलन म्हणजे एका हिशोबात ३७८ लिटर, दुसऱ्यात ४५५. मासे पाळणाऱ्यांच्या बहुतेक सल्ल्यांत अमेरिकी गॅलन असतो, पण तो असा तोंडी फिरत फिरत आला की कुठला हे कुणालाच ठाऊक नसतं. शिवाय टाकीवर लिहिलेले लिटर हे काचेच्या डब्याचे असतात. त्यातून दगड, वाळू आणि वरची दोन-तीन बोटं रिकामी जागा वजा करा. तुमची टाकी मापाने १९० लिटरची भरते. आत प्रत्यक्ष पाणी १६० लिटरच्या आसपास असेल.

मग संपचं काय? तुमच्या पत्रात ८० लिटरचा संप दोनदा आला आहे, त्यावरून त्याचा तुम्हाला मोठा आधार वाटतोय हे दिसतं. संपनं पाण्याचा साठा वाढतो, क्षारता आणि तापमान स्थिर राहतं, स्किमर आणि हीटर नजरेआड जातात. छान सोय आहे ती. पण माशाला त्यातून एक सेंटिमीटरही जास्त पोहता येत नाही. मोठा स्किमर माशाची घाण काढतो, भिंत मागे सरकवत नाही. चपळ माशांच्या बाबतीत पाण्याचा दर्जा आणि पोहायची जागा या दोन वेगळ्या गरजा आहेत, आणि एकीची भरपाई दुसरीतून होत नाही. साधनसामग्रीवर खर्च केला की आपण मासे झेपवू शकतो, हा समज बऱ्याच जणांचा असतो. पाण्यापुरता तो बराचसा खरा आहे. जागेच्या बाबतीत अजिबात नाही.

आता एक छोटा प्रयोग करा, लेकीला सोबत घेऊन. पुठ्ठ्यातून २५ सेंटिमीटर लांब आणि मध्यभागी ११ सेंटिमीटर उंच असा मासा कापा. ब्लू टँग समुद्रात ३० सेंटिमीटरपर्यंत जातो, आपण टाकीतला म्हणून थोडं कमीच धरू. हा पुठ्ठा तुमच्या टाकीच्या समोरच्या काचेला लावून डावीकडून उजवीकडे सरकवा. टाकी ९१ सेंटिमीटरची. मासा काही नाक काचेला टेकेपर्यंत पोहत नाही, दोन्हीकडे दहा-दहा सेंटिमीटर आधीच वळतो. उरले सत्तर. म्हणजे त्याच्या अंगाच्या तीन लांब्याही नाहीत. सहज पोहतानाही सेकंदाला अंगाच्या दुप्पट अंतर कापणं या माशाला जड नाही. दीड सेकंदात टाकी संपली. आता पुठ्ठा वरून पाण्यावर आडवा धरून रुंदी बघा. ४५ सेंटिमीटरमधले वीस-पंचवीस तुमच्या मागच्या दगडांनी खाल्लेले आहेत. जो पट्टा उरला तो माशाच्या लांबीहून अरुंद आहे. प्रत्येक वळणावर त्याला अंग मुडपून घ्यावं लागणार. हाच पुठ्ठा ६ फूट लांब आणि २ फूट रुंद आयतावर सरकवून बघा. जमिनीवर चिकटपट्टीनं आखलात तरी चालेल. टोकं सोडून सहा लांब्यांहून जास्त धाव मिळते आणि दगडांच्या पुढे मोकळं वळण राहतं. समुद्राच्या मानाने तीही तडजोडच आहे, पण निभावणारी.

यातून माझा ठोकताळा असा निघतो: माशाची पूर्ण वाढ झाल्यावरची लांबी घ्या. सतत पोहणाऱ्या माशाला मोकळी धाव निदान सहापट हवी आणि दगडांच्या पुढची मोकळी रुंदी निदान दीडपट. उंची शेवटी बघा. हा काही निसर्गनियम नव्हे, पण ‘किती लिटर’पेक्षा तो दुकानात उभं राहून जास्त उपयोगी पडतो.

दुकानदाराच्या वाक्याकडे येते. ‘मासा टाकीच्या मापाने वाढतो’ हे इतक्या विश्वासाने सांगितलं जातं, कारण लहान टाकीत राहिलेले खुरटे मासे लोकांनी खरंच पाहिलेले असतात. पण ते खुरटणं म्हणजे माशानं समजूतदारपणे आवरतं घेणं नव्हे. साठत गेलेला कचरा, कायमचा ताण, कमी हालचाल यांनी वाढ खुंटते. तोच ताण माशाची रोगाशी लढायची ताकदही खातो. जे त्यातून तगत नाहीत ते नंतर दाखवायला उरत नाहीत. तगलेला एक खुरटा मासा मात्र पुढच्या गिऱ्हाइकाला दाखला म्हणून दाखवला जातो. येलो टँग समुद्रात तीस वर्षांहून जास्त जगल्याचं माशांच्या कानातल्या खड्यांवरची वर्तुळं मोजून दिसलेलं आहे. त्या मापाने पाहिलं तर तंग टाकीत तीन-चार वर्षं काढून गेलेला टँग ‘चांगला जगला’ असं म्हणता येत नाही.

आणि दोन इंची पिल्लावरून तर काहीच ठरवू नका. लांबी दुप्पट झाली की वजन साधारण आठपट होतं. ५ सेंटिमीटरचं पिल्लू २० सेंटिमीटरचं झालं म्हणजे लांबी चौपट, वजन साधारण ६४ पट. मोठं शरीर दर ग्रॅममागे थोडं कमी खातं, म्हणून घाण बरोब्बर ६४ पट होत नाही. पण कित्येक पट होतेच. पहिल्या एक-दोन वर्षांत ही पिल्लं झपाट्यानं वाढतात, आणि आज ज्या पाण्यात नायट्रेट (घाणीतून शेवटी साठणारा क्षार) तुम्हाला मोजावंसंही वाटत नाही, त्याच पाण्यात तुम्ही दर आठवड्याला बादल्या उचलत असाल. शिवाय पिल्लाची वागणूक फसवी असते. समुद्रात ब्लू टँगची पिल्लं फांद्यांच्या कोरलजवळ घोळक्यानं राहतात आणि जरा सावली पडली की फांद्यांत घुसतात. म्हणून दुकानातलं पिल्लू शांत, घरबसं वाटतं. मोठं झाल्यावर तो मासा मोकळ्या पाण्यात फिरू लागतो. लेकीला जे पिल्लू आवडलं आणि जो मासा तुमच्या घरी मोठा होणार, ते दोन वेगळे प्राणी आहेत असंच समजा.

‘आत्ता लहानात ठेवू, मग मोठी घेऊ’ याबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे. हा बेत वाईट हेतूनं कुणी करत नाही. पण तो कधी अमलात येतो ते बघा. मोठी टाकी घ्यायचं ठरतं ते मासा कुचंबलेला दिसू लागल्यावर. काचेला लागून एकाच वाटेवर वर-खाली, वर-खाली पोहत राहणं, रंग फिका पडणं, क्लाउनफिशच्या अंगावर धावून जाणं, अशी लक्षणं दिसली की मग जागा शोधायची, स्टँड करून घ्यायचं, पाणी तयार करायचं. नव्या टाकीत अमोनिया आणि नायट्राइट पचवणारे जिवाणू बसायला चार ते सहा आठवडे जातात. जुने दगड हलवले तर वेळ वाचतो, पण मग जुन्या टाकीचा तोल बिघडतो. आणि तो मासा पकडायचा कसा? टँगच्या शेपटीच्या देठाशी दोन्ही बाजूंना धारदार काटा असतो, त्यामुळे तर त्याला सर्जनफिश म्हणतात. जाळीत तो काटा अडकतो, मासा तडफडतो, कातडी फाटते. दगडांच्या फटीत शिरला तर अंग ताठ करून असा बसतो की सगळी रचना उपसावी लागते. काही वर्षं जमवलेली कोरल बादलीत आणि तुम्ही गुडघ्यावर. (पकडायची वेळ आलीच तर जाळी न वापरता पारदर्शक डबा वापरा, हे जाता जाता.)

म्हणून माझं मत असं की टाकी आजच्या माशाच्या मापाची घ्यायची नसते. मोठी टाकी आधी आणि मासा नंतर, हा क्रम उलटा करायला मी कुणालाही सांगणार नाही. मोठी टाकी ‘पुढे कधीतरी’ असेल तर मासाही पुढे कधीतरीच.

पण तुमच्या प्रश्नात ‘चपळ मासे’ असा एकच शब्दप्रयोग आहे आणि तिथे थोडं थांबायला हवं. सगळे चपळ मासे एकाच तऱ्हेनं चपळ नसतात, आणि टाकीचा आकार त्या तऱ्हेवर ठरतो.

टँग हे लांब पल्ल्याचे. दिवसभर खडकावरचं शेवाळ खुडत पुढे पुढे जायचं, हा त्यांचा धंदा. त्यांना लांबी हवी, आणि दगडांची सलग भिंत नको. मधून आरपार जाता येईल अशी दोन-तीन बेटं हवीत. यातले नासो टँगसारखे ४०-४५ सेंटिमीटरला जाणारे मासे घरगुती टाकीचे नव्हेतच. सेलफिन टँगही तसाच, पिल्लू असताना गोंडस आणि पुढे ताटाएवढा.

दुसरी तऱ्हा प्रवाहात तरंगत खाणाऱ्यांची. अँथियास, क्रोमिस हे त्यातले. हे मासे टाकीभर येरझाऱ्या घालत नाहीत. वेव्हमेकरच्या (पाण्यात प्रवाह निर्माण करणाऱ्या पंपाच्या) प्रवाहासमोर तोंड करून एका जागी पंख मारत राहतात आणि वाहत आलेला कण टिपून पुन्हा जागेवर येतात. अंतर थोडं कापतात, मेहनत भरपूर करतात. यांना लांबीपेक्षा जोरदार पण पसरलेला प्रवाह, वरच्या भागात मोकळं पाणी, घोळक्याला पुरेशी जागा आणि दिवसातून तीन-चारदा खाणं लागतं. घरी दिवसभर कुणी नसेल तर टाकी कितीही मोठी असली तरी अँथियास घेऊ नका. क्रोमिसचा घोळका दिसतो सुरेख, पण टाकीत एकमेकांना छळत एकेक कमी होत जातो, हा बऱ्याच जणांचा अनुभव आहे.

तिसरी तऱ्हा मला स्वतःला फार आवडते, आणि तुमच्या घरासाठी तीच योग्य वाटते. लुडबुडे मासे. छोट्या जातींचे रॅस दगडाच्या एका भोकातून शिरतात, दुसऱ्यातून निघतात, मधेच थबकून डोळा फिरवत काहीतरी न्याहाळतात, टिपतात आणि पुन्हा नाहीसे होतात. सात-आठ सेंटिमीटरचा मासा, त्यामुळे ३ फुटी टाकीतही त्याला अंगाच्या दहापट धाव मिळते. फ्लॅशर रॅसचा नर तर दिवसातून अनेकदा सगळे पर ताठ उभारून, रंग झळकवत टाकीभर सुसाट मिरवतो. सोबत एखादी मादी असली की विचारूच नका. हे मासे उड्या मात्र मारतात. वर बारीक जाळीचं झाकण नसेल तर सकाळी जमिनीवर वाळलेला मासा सापडेल. सिक्स लाइन रॅसही मापाने बसतो, पण मोठा झाला की नव्या पाहुण्यांना टोचून हैराण करतो. घ्यायचाच तर सगळ्यांच्या शेवटी घ्या.

लेकीला खरं काय हवंय, हे तिला एकदा विचारलंत का? पत्रावरून मला तरी वाटतं की तिची तक्रार हालचाल नसल्याची आहे. निळा रंग समोर दिसला म्हणून त्या निळ्या माशावर तिचं बोट पडलं. तिला पूर्ण वाढलेला ब्लू टँग दाखवा, एखाद्या मोठ्या मत्स्यालयात किंवा चित्रफितीत, आणि मग पुठ्ठ्याचा मासा आपल्या टाकीला लावायला सांगा. नऊ वर्षांच्या मुलांना ‘हा इथे मावत नाही’ हे आपल्यापेक्षा लवकर पटतं. मग तिच्यापुढे फ्लॅशर रॅस ठेवा. किंवा गोबी मासा आणि पिस्टल श्रिंप या कोळंबीची जोडी. ही कोळंबी जवळजवळ आंधळी असते. ती वाळूत बीळ खणते आणि गोबी दारात पहारा देतो. बाहेर पडताना कोळंबी आपली एक मिशी सतत गोबीच्या अंगाला टेकवून ठेवते. धोका दिसला की गोबी शेपटीचा झटका देतो आणि दोघं क्षणात बिळात. पुन्हा आधी गोबीचं डोकं बाहेर, मग वाळूचा ढीग ढकलत ती. मुलं यासमोर तासन् तास बसतात, आणि याला ३ फुटी टाकी पुरून उरते. वाळू तेवढी थोडी जाड आणि मिश्र दाण्यांची ठेवा, आणि दगड वाळूवर न ठेवता थेट तळावर टेकवा. खाली खणलं की वाळूवरचा दगड कोसळतो.

तरीही मन टँगवरच असेल तर पर्याय मोकळेपणानं सांगते. ४ फुटी टाकी घेणार असाल तर ती दीड फुटी रुंदीची घेऊ नका, २ फूट रुंद घ्या. ४ बाय २ बाय २ म्हणजे साधारण ४५० लिटर. त्यात टोमिनी किंवा कोले हे छोट्या चणीचे टँग राहू शकतात. १५ ते १८ सेंटिमीटरच्या पुढे ते सहसा जात नाहीत, काच आणि दगडांवरचा थर दातांच्या बारीक ब्रशनं खरवडत फिरतात आणि एका टाकीत एकच ठेवला तर निवांत असतात. वरच्या सहापटीच्या हिशोबात हे थोडे कमी पडतात, मला माहीत आहे. पण ते दगडाशी घुटमळणारे मासे आहेत, मोकळ्या पाण्यात पल्ला मारणारे नव्हेत, म्हणून तिथे मी सूट देते. येलो टँग २० सेंटिमीटरचा होतो. ४ फुटी रुंद टाकीत तो ठेवणारे पुष्कळ आहेत. मी ५ फुटांच्या आत सुचवणार नाही. त्याची एक जमेची बाजू अशी की २०१५ मध्ये हवाईतल्या संशोधकांनी त्याची बंदिस्त पैदास साधली आणि त्यानंतर असे मासे बाजारातही येऊ लागले. दुकानात तसा मिळाला तर तोच घ्या. ब्लू टँगची पैदासही २०१६ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत जमली, पण विकायला येणारे बहुतेक ब्लू टँग अजूनही समुद्रातून पकडलेलेच असतात.

दोन टँग एकत्र हवे असतील तर ६ फुटांच्या खाली चर्चाच नको. तो शेपटीचा काटा शोभेचा नाही. तंग जागेत दुसऱ्या टँगला तो आपल्या कुरणातला घुसखोर समजतो आणि बाजूनं शेपटी मारून अंगावर चिरा काढतो. वेगळ्या आकाराचे आणि वेगळ्या प्रजातीतले (genus) टँग, एकाच दिवशी सोडले तर जमायची शक्यता जास्त. तुमचा निळा-पिवळा बेत त्या दृष्टीनं वाईट नाही. टाकी वाईट आहे.

६ फुटीचं ठरलं तर पैशांआधी जमिनीचा विचार करा. ६ बाय २ बाय २ टाकीत ६८० लिटर पाणी मावतं, त्याचं वजन तेवढेच किलो, किंबहुना खारं म्हणून थोडं जास्त. १२ मिलिमीटरची काच एकटीच शंभर किलोच्या पुढे जाते. वर दगड, वाळू, स्टँड, भरलेला संप. जवळजवळ टनभर वजन बारा चौरस फुटांवर उभं राहतं, तेही कायमचं. तळमजला नसेल तर इमारतीच्या इंजिनिअरला दाखवल्याशिवाय टाकी मागवू नका. टाकी भिंतीलगत, तुळयांना आडवी ठेवणं सहसा बरं, पण तो निर्णय त्यांचा. जिन्यातून आणि दारातून ६ फुटी काच वळते का, हेही आधी मोजा. हे कुणी मोजत नाही आणि मग टाकी खाली उभी राहते.

वाढदिवसाची तारीख मात्र या सगळ्यातून बाजूला काढा. तारीख गाठायची म्हणून नवी टाकी घाईनं उभी केली की पहिला मासा अमोनियाच्या वाटेवरच सोडला जातो. वाढदिवसाला लेकीला पुठ्ठ्यातून मासे कापू द्या आणि वरच्या तीन तऱ्हांतून तिची निवड करू द्या. आहे त्याच टाकीत रॅस किंवा गोबी घ्यायचा ठरला, तर तुमची टाकी दोन वर्षं मुरलेली आहे, फार थांबावं लागणार नाही. फक्त आधी जाळीचं झाकण बसवून घ्या.

आणि ६ फुटी घेतलीत तर जुनी ३ फुटी विकू नका. दगड आणि कोरल नव्या टाकीत गेली की रिकामी काच धुऊन, आत पाइपाचे दोन-चार तुकडे लपायला टाकून तिचा क्वारंटाइनसाठी उपयोग करा. टँगांना पांढऱ्या ठिपक्यांचा रोग पटकन धरतो, आणि तो एकदा मुख्य टाकीत शिरला की कोरलमुळे तांब्याचं औषध तिथे घालता येत नाही. नवा टँग निदान चार आठवडे, जमलं तर सहा, त्या रिकाम्या टाकीत राहू द्या. तेवढ्यापुरती ३ फुटी त्याला चालते. तोवर क्लाउनफिश नव्या टाकीत स्थिरावतील, दगडांवर शेवाळ धरेल, आणि टँग आत सोडाल तेव्हा त्याला खुडायला काहीतरी असेल. नोरी (सुकवलेल्या समुद्री शेवाळाचा पापुद्रा) मात्र क्लिपला लावून पहिल्या दिवसापासून ठेवा, रोज.